जीप तीच, चाल नवी

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकात जरा वेळ थांबून बघा. एरवी इथे कंपन्यांच्या बसगाड्या आणि घाईतल्या मोटारींची नुसती रीघ लागलेली असते. रविवारी मात्र मधूनच एखादी उघडी जीप, एखादी थार नाहीतर गुरखा माणच्या दिशेने जाताना दिसते. पुढे घोटावडे, पौड आणि मुळशी! संध्याकाळी याच गाड्या परत येतात तेव्हा त्यांचा मूळ रंग कोणता, हे ओळखणं मुश्किल. टपापर्यंत चिखल!

बघणाऱ्या मुलांच्या मनात मग एकच विचार घोळायला लागतो. काकांची जुनी जीप आहे ना गोठ्याशेजारी उभी! तिलाही असं चिखलातून, दगडधोंड्यांतून पळवता आलं तर? आणि लगेच दुसरा विचार येतो, पैशांचा. मोठाले टायर, उंच केलेली गाडी, टपावर दिव्यांची माळ, या सगळ्याला लाखभर रुपये तरी लागतील की!

थांबा, इतक्यात हिरमुसू नका. लाखभर रुपये न घालताही जीपची चाल सुधारता येते. फक्त पैसे कुठे आधी घालायचे आणि कुठे मुळीच घालायचे नाहीत, हे कळायला हवं. आज आपण तेच बघू. आईबाबांनाही शेजारी बसवून घ्या बरं का, कारण काही गोष्टी खास त्यांच्यासाठी आहेत.

साठ घोड्यांची ताकद

सुरुवात जीपच्या गोष्टीपासूनच करू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला एक छोटी, हलकी आणि कुठेही जाणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने १९४० साली अवघ्या ४९ दिवसांत तिचा पहिला नमुना बनवून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी अशा लाखो गाड्या बनवल्या. आपल्याकडे महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. आज खेडोपाडी दिसणाऱ्या जुन्या जीपगाड्या याच घराण्यातल्या.

आता गंमत ऐका. त्या मूळ जीपचं इंजिन होतं जेमतेम ६० अश्वशक्तीचं. आजच्या साध्या छोट्या मोटारीतही याहून जास्त ताकद असते! मग ती जीप डोंगर कशी चढायची? एक तर ती हलकी होती, सुमारे ११०० किलो. दुसरं म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळायची. तिसरं म्हणजे तिच्यात एक जादा, अगदी हळू चालीचा गिअर होता. सायकलने चढ चढताना तुम्ही हलका गिअर टाकता ना? तसाच.

यातून आपला पहिला धडा असा, की चिखलात ताकदीपेक्षा पकड मोठी. पैसे घालायचे ते पकडीवर, दिखाव्यावर नाही.

बिनपैशाची कामं

जीपचा मागचा भाग उघडून बघा. सिमेंटचं अर्धं पोतं, जुनी बॅटरी, तुटकी खुर्ची, लोखंडी पाइप, काय काय निघेल सांगता येत नाही! हे सगळं आधी बाहेर काढा. पन्नास किलो वजन कमी झालं तर इंजिनाला, ब्रेकला आणि पाट्यांना तेवढाच आराम. खर्च शून्य.

दुसरं काम धुण्याचं आणि बघण्याचं. जीपच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे जे थर असतात त्यांना मिस्त्री ‘पाटे’ म्हणतात. चाक दगडावर चढलं की पाट्यांनी एकमेकांवर सरकायला हवं. ते गंजून चिकटले, तर चाक वरखाली होण्याऐवजी सगळी गाडीच कलते आणि दुसरं चाक अधांतरी उचललं जातं. पाटे साफ करून घेणं, झिजलेले बुश बदलणं, ग्रीस भरणं या कामांना फार पैसे लागत नाहीत. पण जुन्या जीपची चाल यानेच निम्मी सुधारते.

तिसरं काम तेल तपासण्याचं. गाडी ओढ्यातून गेली असेल तर ॲक्सलमधलं ऑइल मिस्त्रींकडून बघून घ्यायचं. ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं असं समजायचं आणि लगेच बदलायचं. आणि ब्रेक! चिखलातून बाहेर आल्यावर ब्रेकच्या ड्रममध्ये गाळ साठतो. म्हणून रस्त्याला लागण्याआधी हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून बघायचा.

पोस्टकार्डाएवढी जमीन

आता कामाची सगळ्यात मोठी युक्ती. तिला लागतो फक्त हवा मोजण्याचा गेज आणि हवा भरायचा पंप.

समजा, माणसांसकट जीपचं वजन १२०० किलो आहे. म्हणजे एकेका चाकावर साधारण ३०० किलो, किंवा ६६० पौंड. टायरमध्ये हवा भरली आहे ३० पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड दाबाची. मग ६६० भागिले ३० करा. उत्तर आलं २२. म्हणजे टायर जमिनीला टेकतो तो ढोबळमानाने फक्त २२ चौरस इंच! पोस्टाचं कार्ड असतं ना, त्याच्याहून किंचित मोठा तुकडा. एवढ्याशा जागेवर ३०० किलो उभे. चिखलात टायर रुतणार नाही तर काय होणार?

आता हवा १८ पौंडांवर आणा. ६६० भागिले १८ म्हणजे जवळजवळ ३७ चौरस इंच. एका पोस्टकार्डाची जवळजवळ दोन पोस्टकार्डं झाली! टायर पसरला, भार वाटला गेला, रुतणं कमी झालं आणि पकड वाढली. प्रत्यक्षात टायरचा कडकपणाही थोडा भार पेलतो, त्यामुळे आकडे अगदी तंतोतंत येत नाहीत. पण हिशेबाची दिशा पक्की. उंटाचा पाय पसरट का असतो, ते आता सांगायला नको.

मात्र या युक्तीला एक अट आहे. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा पूर्ण भरायचीच. कमी हवेचा टायर वेगात गेला की सारखा दबून-फुगून तापतो आणि फुटू शकतो. जोरात वळवला तर रिंगमधून निसटूही शकतो. आणि टोकदार दगडांच्या वाटेवर हवा फार कमी केली, तर टायरची बाजूची भिंत चिरते. म्हणून पंप बरोबर नसेल तर हवा सोडायची नाही.

आळशी चाकाचं कोडं

चिखलात अडकलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. एक चाक गरागरा फिरून चिखल उडवतं आणि त्याच्या जोडीचं चाक, कोरड्या जमिनीवर असूनही, ढिम्म हलत नाही. असं का?

याला कारण ‘डिफरन्शियल’ नावाचा दंतचक्रांचा डबा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचं काम हा डबा करतो. पण तो दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देतो. चिखलातल्या चाकाला फिरायला अगदी थोडा जोर पुरतो, म्हणून कोरड्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. बिचारं हलणार कसं?

याला पक्का उपाय म्हणजे डिफरन्शियलला कुलूप घालणं, दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकणं. हिंजवडीपासून फार लांब नसलेल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत असं कुलूप पुढे आणि मागे कारखान्यातूनच बसवलेलं येतं. जुन्या जीपला ते बसवणं महाग पडतं. मग गरिबाचं कुलूप कोणतं? एक फावडं आणि चार जुनी पोती! फिरणाऱ्या चाकापुढचा चिखल फावड्याने काढायचा, खाली पोतं किंवा फळी सारायची आणि हळूच गाडी काढायची. मात्र त्या वेळी चाकामागे कोणी उभं राहायचं नाही. फिरत्या चाकाखालून फळी गोळीसारखी मागे सुटते.

दुसऱ्या गाडीने टोचन करून ओढायची वेळ आली, तर दोर किंवा पट्टा चासीला पक्क्या बसवलेल्या हुकलाच अडकवायचा, बंपरला कधीच नाही. दोरावर मध्यभागी एखादी जाड सतरंजी टाकायची आणि सगळ्यांनी दोराच्या लांबीहून अधिक दूर व्हायचं. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा येतो. माणसं मेली आहेत त्याने. चांगला पट्टा घ्यायला थोडे पैसे लागतात. ते जरूर खर्च करा आणि दिव्यांची माळ खुशाल राहू द्या.

उंचीची उधारी

आता तुम्ही म्हणाल, ते मोठाले टायर आणि उंच गाडी यांचं काय? तीच तर खरी ऐट!

गाडीतल्या प्रत्येक बदलाची एक उधारी असते, दोस्तहो, आणि ती कधी ना कधी फेडावी लागते. समजा, मूळ टायरपेक्षा १० टक्के मोठ्या व्यासाचे टायर बसवले. एका फेऱ्यात चाक १० टक्के जास्त पुढे जाईल, पण वेगाच्या काट्याला हे माहीतच नाही! तो ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी पळत असेल ६६ ने. शिवाय मोठं चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. म्हणजे वेग वाढला आणि ब्रेक दुबळा झाला. फसला ना सौदा?

उंचीचं गणित तर आणखी बोलकं आहे. समजा, जीपच्या दोन बाजूंच्या चाकांमध्ये १३० सेंटिमीटर अंतर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. कागदावर ही जीप ४५ अंशांपर्यंत कलली तरी पडणार नाही. आता ती १० सेंटिमीटर उंच केली, तर ती ४१ अंशांनाच उलटेल. चार अंशांत काय मोठंसं, असं वाटतं? पण हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. चालत्या गाडीत पाटे दबतात, टायर दबतात, माणसं एका बाजूला झुकतात, वळणावर गाडी बाहेर फेकली जाते. त्यात टपावर सामानाचा कॅरियर असेल तर विचारूच नका. घाटातल्या वळणावर ते चार अंशच पुरले तर पुरले.

माण-हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत टाटा टेक्नॉलॉजीज, केपीआयटी अशा कंपन्यांतले इंजिनिअर संगणकावर गाड्यांचीच कामं करतात. कारखान्यात एका लहानशा बदलामागेही खूप हिशेब आणि खूप चाचण्या असतात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण पाना फिरवतो तेव्हा हे काही जवळ नसतं. म्हणून तिथे हिंमत थोडी कमी आणि विचार थोडा जास्त लागतो.

देवराष्ट्रेची किकवाली जीप

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून जीपसारखी दिसणारी एक छोटी चारचाकी स्वतः बनवली. मुलाला गाडी हवी होती म्हणून! खर्च आला साधारण ६० हजार रुपये. गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि गाडी सुरू करायची ती स्कूटरसारखी किक मारून!

या गाडीची फीत डिसेंबर २०२१ मध्ये सगळीकडे फिरली. ती महिंद्र उद्योगसमूहाचे आनंद महिंद्र यांनीही पाहिली. त्यांनी लोहारांच्या कल्पकतेचं तोंड भरून कौतुक केलं. पण त्याच वेळी त्यांनी हेही स्पष्ट लिहिलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. म्हणून या गाडीच्या बदल्यात आपण त्यांना नवी बोलेरो देऊ आणि ही गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवू. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

या गोष्टीत दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. लोहारांच्या हातातली कला अस्सल होती आणि ती गाडी रस्त्यासाठी नव्हती. एक खरं मानायचं म्हणून दुसरं खोटं ठरवायचं कारण नाही.

कायदा काय सांगतो?

आता आईबाबांनी जरा जवळ यावं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीने बनवताना नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल मालकाने गाडीत करायचे नाहीत. गॅस किट किंवा अपंग व्यक्तीसाठी करायचे फेरफार अशा मोजक्या गोष्टींना रीतसर वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे टायर नवे घ्यायचे तर कंपनीने त्या गाडीला सांगितलेल्या मापाचेच, फक्त खोल नक्षीचे घ्यावेत. साफसफाई, दुरुस्ती, हवेचा गेज, पंप, फावडं आणि पट्टा यांना कोणताही कायदा आडवा येत नाही. त्यापुढचं काही करायचं तर आधी आर.टी.ओ.त विचारावं.

आणि दुसरं, याहून महत्त्वाचं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती जीप दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला मग पंचविशी गाठेपर्यंत लायसन्स मिळत नाही. शेतातली वाट असो की गावातली, “जरा दोन मिनिटं चालवू दे ना” या हट्टाला प्रेमाने नाही म्हणा.

हौशी काकांनाही एक विनंती. ओढ्याकाठच्या पाऊलवाटा, भाताची खाचरं ही कोणाच्या तरी घामाची जमीन असते. लावणी झालेल्या खाचरात गाडी घातली तर कोणाचं तरी वर्षाचं पोट जातं. पुढे ताम्हिणीचं जंगल अभयारण्य आहे. तिथे ठरलेला रस्ता सोडायचाच नाही.

मग मुलांनी करायचं काय?

भरपूर! गाडीची वही ठेवण्याचं काम तुमचं. तारीख, टायरची हवा, कोणतं ऑइल कधी बदललं, काय आवाज आला, सगळं लिहा. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याने काय फरक पडला ते नोंदवायचं, हा नियम काकांना तुम्ही लावून द्या. चार बदल एकदम केले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, कळणार कसं? हवा तुम्ही मोजा, धुणं तुम्ही करा, मिस्त्रींना पाना तुम्ही द्या. मात्र जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यासाठी भक्कम लोखंडी स्टँड हवेत, चाकांना दगड हवेत आणि खाली जाणारा माणूस मोठा आणि जाणता हवा.

आणि स्वतः गाडी बनवायचीच असेल, तर त्याचाही हमरस्ता आहे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांची ‘बाहा’ नावाची एक स्पर्धा असते. ती अमेरिकेत १९७६ साली सुरू झाली आणि आपल्याकडे २००७ साली, मध्य प्रदेशात पिथमपूरला. मुलं एका माणसाची आडवाटेवर धावणारी गाडी स्वतः आखतात, वेल्डिंग करतात आणि खड्ड्याचिखलात चार तास पळवून दाखवतात. कितीतरी वर्षं या स्पर्धेत सगळ्या संघांना एकसारखंच, फक्त १० अश्वशक्तीचं इंजिन मिळायचं. म्हणजे जिंकायचं तर गाडी हलकी हवी, पकड चांगली हवी आणि डोकं थंड हवं. पुण्यातल्या कॉलेजांचे संघ या स्पर्धेत हिरिरीने उतरतात. चालकाला हेल्मेट, पट्टा आणि भोवती मजबूत पाइपांचा पिंजरा असल्याशिवाय गाडीला मैदानात पाय ठेवू देत नाहीत.

करून पाहा

काड्यापेटीच्या तीन भरलेल्या पेट्या, एक लाकडी फळी, थोडा पॉलिश पेपर आणि कंपासपेटीतला कोनमापक घ्या. फळीवर पॉलिश पेपर चिकटवा, म्हणजे पेटी घसरणार नाही. पहिली पेटी आडवी ठेवा. तिची लांब कड उताराला आडवी असू द्या. फळीचं एक टोक हळूहळू उचला आणि पेटी किती अंशाला उलटते ते मोजा. आडवी पेटी पडायच्या आधी घसरली तर तसं लिहून ठेवा. मग तिच्यावर दुसरी पेटी चिकटवा आणि पुन्हा मोजा. मग तिसरी. प्रत्येक वेळी कोन किती कमी झाला, त्याचा आलेख काढा.

पहिली पेटी म्हणजे काकांची साधी जीप. तिसऱ्या पेटीवर पोचलात की आलेख काकांना दाखवा आणि विचारा, गाडी किती उंच करायची म्हणता?